१६०२ किलोहर्ट्झला कोणतेही केंद्र नसताना मालाडमध्ये तेथे दोन केंद्रे एकत्र ऐकू येतात. रेडिओ दुरुस्तीला द्यावा का?

घाई करू नका. आधी एक बेरीज करून पाहा. आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीचे ५५८ आणि मुंबई 'अ' केंद्राचे १०४४ मिळून बरोबर १६०२ होतात, म्हणजे या दोन लहरींचे कुठेतरी मिश्रण होत आहे. प्रक्षेपण मालाडमधूनच होत असल्याने तुमच्याकडे दोन्ही लहरी अतिशय तीव्र असणार, आणि इतक्या तीव्र लहरींनी रेडिओचे आतले सर्किट गुदमरले, तर असे मिश्रण रेडिओतच होऊ शकते.

ते बाहेरही होते, आणि माझा संशय तिकडे अधिक आहे. दोन पत्र्यांमधला गंजलेला, सैल सांधा निकृष्ट डायोडासारखा (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागासारखा) वागतो आणि त्यात लहरी मिसळतात. लांब पत्रे आणि पाइप अँटेनाचे काम करून दोन्ही लहरी पकडतात आणि सांध्यात तयार झालेली तिसरी लहर पुन्हा हवेत सोडतात. ही लहर खरोखरच १६०२ वर असल्याने रेडिओला फिल्टर लावून ती जात नाही, दुकानदार काहीही सांगो.

तपासणीसाठी बॅटरीवर चालणारा लहान रेडिओ घ्या. त्याची आतली अँटेना, म्हणजे फेराइट दांडी, हिच्यामुळे रेडिओ आडवा फिरवला की एका दिशेला आवाज जवळजवळ नाहीसा होतो. अस्मिता ज्या दिशेला बुडते त्याच दिशेला १६०२ देखील बुडत असेल, तर दोष बहुधा रेडिओचाच. दिशा वेगळी निघाली, तर उगम बाहेर आहे, आणि मग आवाज वाढेल तिकडे चालत जावे.

मी हौशी रेडिओ परवानाधारक असून आमच्या इमारतीत असाच शोध घेत गच्चीवरील पत्र्याच्या शेडपर्यंत पोहोचलो होतो. एका कोपऱ्यातला पत्रा बांबूने दाबला की आवाज तुटायचा, सोडला की परत यायचा. खाली पत्रा आवळणाऱ्या जे-बोल्टचा वॉशर खाऱ्या हवेने पार खाल्लेला होता. बोल्ट बदलला, दोन्ही पत्रे घासून तांब्याच्या तारेने जोडले, आणि १६०२ शांत झाले. मात्र तांबे जस्ताच्या मुलाम्याला खाते हे मी विसरलो होतो. एका पावसाळ्यानंतर तेच मिश्रण पुन्हा ऐकू येऊ लागले, म्हणून आता तेथे जीआय पट्टी (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी) बसवली आहे. तुम्हीही तीच वापरा.