४,२९,४९,६७,२९७ चे विभाजक शोधताना

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवून येणारी ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे की संयुक्त, हे ठरवण्यासाठी तू ३ पासून ओळीने भागाकार करत १०१ पर्यंत पोचलीस, असे तुझ्या पत्रावरून कळले. चिकाटी चांगलीच आहे. पण कोणत्या संख्यांनी भाग जाणे शक्य आहे, हा विचार भागाकाराच्या आधी यायला हवा. कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळकडच्या तुमच्या गावी शेतातून परतल्यावर रात्री जेमतेम तासभर हाती उरत असेल, तो १०३ आणि १०७ वर घालवू नकोस.

फ्रेंच गणिती फर्माने १६४० मध्ये असा अंदाज मांडला होता की, घातांक स्वतः २ चा घात असेल, तर २ च्या त्या घातात १ मिळवल्यावर मूळ संख्याच मिळते. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ यांच्या बाबतीत ते खरे आहे. त्यापुढची संख्या तुझी, आणि स्विस गणिती ऑयलरने १७३२ मध्ये ती ६४१ ने भागली जाते हे दाखवले.

यामागचे कारण नीट समजून घे. 'प' हा तिचा मूळ विभाजक असेल, तर प ने भागल्यावर २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ (म्हणजे प − १) येते, ६४ व्या घाताची १ येते, आणि त्याहून लहान कोणत्याही घाताची १ येत नाही. शिवाय फर्माच्या लघुप्रमेयानुसार (प − १) व्या घाताची बाकीही १ असल्यामुळे प − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. फर्माचा अंदाज पाडणारे प्रमेय फर्माचेच, हे मला आजही गमतीचे वाटते. आता ६४१ पर्यंत तपासायला १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ एवढ्याच मूळ संख्या उरतात.

६४१ साठी तर लांब भागाकारही नको. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६ सुद्धा. पहिल्या रूपावरून ५ × २ चा ७ वा घात याची बाकी उणे १. चौथा घात घेतला की ६२५ × २ चा २८ वा घात याची बाकी १. दुसऱ्या रूपावरून ६२५ च्या जागी उणे १६ ठेव, म्हणजे २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ निघते.

उरलेला भागाकार ६७,००,४१७. तो मूळ आहे का, हे तूच ठरव. त्याचे विभाजक ४,२९,४९,६७,२९७ चेही विभाजक असल्यामुळे तीच चाळणी लागू होते, आणि फ्रेंच गणिती ल्युकासने दाखवल्याप्रमाणे ६४ ऐवजी १२८ घेता येतात. ती सिद्धता आज उसनी घे. ६७,००,४१७ चे वर्गमूळ २,५८८ च्या आसपास आहे, म्हणून तेवढ्यापर्यंतच तपासायचे. फर्माच्या यादीतल्या कोणत्याही दोन संख्यांना १ शिवाय सामाईक विभाजक नसल्याने २५७ वगळ. राहिल्या ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. ६४१ ने भागल्यावर ४४ उरतात. बाकीच्या तिघींच्या बाक्या काढून पुढच्या पत्रात पाठव.

तुझे सर