बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून पुण्याला गेलेले जास्त कमावतात, मग मी गेलो तर मलाही तेवढेच मिळतील का?

तेवढेच मिळतील असं धरू नका. कोण जातो आणि कोण राहतो, हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. अर्थतज्ज्ञ ए. डी. रॉय यांनी 1951 मध्ये हाच मुद्दा मांडला: माणूस आपलं कौशल्य जिथे जास्त फळतं तिथे जातो.

समजा, सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र) चालवणाऱ्याला बेळगावात महिना 20 हजार आणि पुण्याजवळच्या चाकणला 32 हजार मिळतात. फौंड्रीतल्या (धातू ओतण्याच्या कारखान्यातल्या) जुन्या मोल्डरला, म्हणजे साचे बनवणाऱ्याला, इथे 24, तिथे 25. खोलीभाडं आणि खाणावळीचा जादा खर्च 6 हजार. पहिला जाईल, दुसरा राहील. बाहेरून बघणाऱ्याला 32 वजा 24, म्हणजे 8 हजारांचा फरक दिसतो. पण मोल्डर गेला, तर त्याला मिळणार फक्त 1 हजार जास्त, आणि खर्च वजा केल्यावर 5 हजारांचा तोटा! सरासऱ्यांची तुलना फसते ती इथेच.

जाणारे नेहमी जास्त हुशार असतात, हेही खरं नाही. अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी 1987 मध्ये दाखवलं की दोन्हीकडे तीच कौशल्यं चालत असतील आणि कौशल्यानुसार पगारातला फरक गावाकडेच मोठा असेल, तर कमी कौशल्याचे लोक जास्त निघतात.

म्हणून चौकशी करताना तुमच्याच ट्रेडच्या, तेवढ्याच अनुभवाच्या माणसाचा पगार विचारा. परत आलेल्यांनाही विचारा, कारण तिथे फक्त टिकलेलेच भेटतात.