दावा कोणी लिहायचा?

प्रश्न : आमची संस्था एका आदिवासी गावात काम करते. सामूहिक वनहक्काचा, म्हणजे जंगल वापरण्याच्या व सांभाळण्याच्या गावाच्या एकत्रित हक्काचा, दावा आम्हीच तयार करून गावाच्या वतीने दाखल केला. असे दावे तपासणाऱ्या सरकारी उपविभागीय समितीने पुरावे अपुरे असल्याचे सांगून तो ग्रामसभेकडे फेरविचारासाठी परत पाठवला. आता बैठकीला चार-सहा पुरुष येतात, स्त्रिया येत नाहीत आणि ‘तुम्हीच लिहा, आम्ही अंगठा देतो’ असे उत्तर मिळते. लोकांमध्ये हक्काची जाणीव कशी निर्माण करावी?
— एक कार्यकर्ता

उत्तर : लोकांना जाणीव नाही, हे गृहीतक आपण आधी तपासून पाहावे, अशी माझी विनंती आहे. कोणत्या उतारावर डिंक मिळतो, शेजारच्या गावाची हद्द कोणत्या नाल्यापाशी लागते, हे त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक आहे. मात्र त्यांचे हे सांगणे सरकारी कागदावर ग्राह्य धरले जाते, हे त्यांनी आजवर पाहिलेले नाही, आणि संस्थेने परस्पर लिहिलेल्या दाव्यातूनही त्यांना ते दिसले नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने हक्क निश्चित करण्याची प्रक्रिया सुरू करण्याचा अधिकार ग्रामसभेलाच दिला आहे. 2012 मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार सभेची गणपूर्ती (सभा वैध ठरण्यासाठी लागणारी उपस्थिती) किमान निम्म्या सदस्यांची असते आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे चार-सहा पुरुषांची बैठक ही कायद्याच्या दृष्टीने ग्रामसभाच नव्हे. स्त्रियांच्या उपस्थितीकडे उपकार किंवा औपचारिकता म्हणून पाहू नये. गौण वनोपज (डिंकासारखे जंगलातून मिळणारे, इमारती लाकूड सोडून इतर उत्पन्न) गोळा करण्याचे बरेचसे काम त्या करतात, त्यामुळे वापराची यादी त्यांच्याखेरीज पुरी होणार नाही. सभा त्यांच्या कामाच्या वेळेत ठेवली जात होती का, हे त्यांनाच विचारावे.

पुराव्यांच्या बाबतीत घाबरण्याचे कारण नाही. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथन नियमांत पुरावा म्हणून मान्य आहे, आणि उपग्रहाचे छायाचित्र इतर पुराव्यांना पूरक ठरू शकते, त्यांची जागा घेऊ शकत नाही. म्हणून ग्रामसभेने दाव्याच्या कामासाठी निवडलेल्या वनहक्क समितीने वृद्धांना व स्त्रियांना बरोबर घेऊन हद्द पायी फिरावी, नजरी (मोजमाप न करता, पाहून काढलेला) नकाशा गावातल्याच कोणी काढावा, शेजारच्या गावाशी हद्दीचा वाद असल्यास दोन्ही समित्यांनी एकत्र बसावे. लिहिलेला प्रत्येक मजकूर लोकांच्या बोलीत वाचून दाखवावा आणि कोणी ‘हे असे नाही’ म्हटले तर तो तिथेच बदलावा. ज्या दिवशी कोणी पहिल्यांदा असा बदल करवून घेईल, त्या दिवशी हा दावा गावाचा होऊ लागेल.

याला वेळ लागतो. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने त्याआधी कित्येक वर्षे अभ्यासगट चालवून सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय लावून घेतली होती. म्हणूनच हक्कपत्र आल्यावर बांबूचे काय करायचे, हा निर्णयही गावाने स्वतः घेतला.

संस्थेने कायदा समजावून सांगावा, कागदांच्या प्रती जपाव्यात, दाखल केलेल्या दाव्याची लेखी पोच घ्यायला शिकवावे. उपविभागीय कार्यालयात मात्र गावाची माणसे बोलतील, मग ती अडखळली तरी चालेल. आपण त्यांच्या मागे बसावे. दावा फेटाळला गेला, तर कारणे लेखी मागावीत आणि 60 दिवसांच्या आत जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागावी. ती मुदत वनहक्क समितीतील कोणाच्या तरी वहीत लिहिलेली असू द्या.