व्हिटॅमिन डी घेतलं तर डायबेटीस टळतो का?

तुम्ही लिहिलंय तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) 6.1, रक्तातलं व्हिटॅमिन डी 14, तर डी घेऊन डायबेटीस टळेल का आणि किती घ्यायचं. टळतो असं छातीठोक कोण सांगत असेल तर त्याला आमच्या दाजींकडं पाठवा.

दाजींची कोल्हापुरात मार्केट यार्डात गुळाची अडत. दिवसभर गादीवर, बाहेर कितीपण ऊन असू दे अंगावर पडणार नाही, डी 11 आलं यात नवल काय. शुगर तुमच्यासारखीच बॉर्डरवर, म्हणजे नॉर्मलपेक्षा जास्त पण डायबेटीस म्हणण्याइतकी नाही. डॉक्टरांनी 60,000 युनिटची सॅशे दिली, आठवड्याला एक, आणि सांगितलं रोज चाला, पोट कमी करा. दाजींनी ऐकली फक्त सॅशे. रविवारी दुधातनं ती घ्यायची आणि मला फोन, "पाव्हणं, शुगरचा बंदोबस्त केलाय." आक्कानं ताटातला भात कमी केला की हे दुकानात ढेपेचा तुकडा मोडून तोंडात टाकणार, वर गूळ नैसर्गिक, त्यानं शुगर वाढत नाही हे भाषण ठरलेलं. अहो गूळ म्हणजे बहुतेक साखरच, थोडं लोह असतंय म्हणून रक्तात जाऊन काय वेगळं वागत नाही. हे मी भाऊबीजेला सगळ्यांसमोर बोललो तर "तू काय डॉक्टर लागून गेलास काय" म्हणत पानावरनं उठले, आक्का आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. पुढच्या रिपोर्टला डी 38, एकदम झकास, आणि शुगर 6.7. म्हणजे डी भरलं आणि डायबेटीसपण झाला.

आता एका माणसावरनं काय सिद्ध होत नाही, मान्य. पण अमेरिकेत 2019 साली मोठा अभ्यास आला, बॉर्डरवरची 2,423 माणसं, निम्म्यांना रोज 4,000 युनिट डी, निम्म्यांना नुसती दाखवायची गोळी, सरासरी अडीच वर्षं. डी वाल्यांत 293 जणांना डायबेटीस झाला, बाकीच्यांत 323. फरक इतका कमी की योगायोग असू शकतो. नंतर 2023 ला असे तीन अभ्यास एकत्र केले तेव्हा धोका 15 टक्के कमी दिसला, म्हणजे अगदीच शून्य नाही. आणि चालणं-वजन? अमेरिकेतच 2002 चा अभ्यास, वजन 7 टक्के कमी आणि आठवड्याला 150 मिनिटं हालचाल एवढंच टार्गेट, धोका 58 टक्के कमी. आपल्याकडच्या लोकांवर 2006 ला केला त्यात साधारण 28 टक्के, तरी डीच्या जवळपास दुप्पट. मी स्वतः बॉर्डरवर होतो, रंकाळ्याला सकाळी चालायला लागलो, रात्रीचा भात सोडला, आता 5.6 आहे. दाजींचं म्हणणं, तुझी मुळात शुगर नव्हतीच, लॅबवाल्याची चूक. घ्या!

तुमचं डी 14 म्हणजे कमीच आहे, ते भरून काढा, हाडांसाठी तरी. 2019 च्या अभ्यासात ज्यांचं डी 12 च्या खाली होतं त्यांना फायदा जास्त दिसला होता, पण ती माणसं थोडी होती आणि ती आकडेमोड नंतर केलेली, त्यावर उड्या मारू नका. किती घ्यायचं ते डॉक्टरला विचारा, मी सांगणार नाही. फक्त एक, 60,000 वाली आठवड्याची असते, रोजची नाही. आमच्या गल्लीत एकजण रोज घेत होता, कॅल्शियम वाढून ऍडमिट झाला. किडनी स्टोन असेल तर ते आधी सांगा डॉक्टरला.

आणि दाजी, तुम्ही हे वाचणार मला माहितीय, आक्काच्या मोबाईलवरनं वाचता. तुमचा तो 6.0 चा जुना रिपोर्ट आणि माझा, दोन्ही एकाच लॅबचे आहेत. चुकला असेल तर दोघांचा चुकला.