पेशींचा ‘संदेश’ की ‘संकेत’?

नागपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातल्या जीवशास्त्राच्या बाई गर्भाच्या त्वचेत केसांची मुळं कशी घडतात, यावर मराठीत टिपणं काढत आहेत. त्यांचा प्रश्न असा: एक पेशी रसायन सोडते आणि दुसरी त्यानुसार वागते, या व्यवहाराला ‘पेशी-संदेश’ म्हणायचं की ‘पेशी-संकेत’? आणि केस जिथे रुजतो ते रोमछिद्र, केशकूप की केशपुटक?

मी ‘संकेत’च्या बाजूने आहे, तेही ठामपणे. संदेशाचा मजकूर संदेशातच असतो. तो कोणाच्याही हाती पडला तरी बदलत नाही. संकेताचा अर्थ मात्र घेणाऱ्याशी आधीच ठरलेला असतो. शब्द आणि अर्थ यांच्या ठरलेल्या नात्याला आपल्या जुन्या शास्त्रकारांनीही संकेतच म्हटलं आहे. पेशींचं वागणं नेमकं असंच आहे. ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचं एकच प्रथिन गर्भाच्या हातात बोटांचा क्रम ठरवायला कारणीभूत होतं आणि त्वचेत केसाच्या अंकुराला खोल उतरायला लावतं. रेणू तोच, वाचणारी पेशी निराळी.

याचा फार सुंदर पुरावा फ्रान्समधल्या एका प्रयोगात आहे. तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्यात कोंबडीच्या गर्भाची बाह्यत्वचा (त्वचेचा वरचा थर) आणि उंदराच्या गर्भाची अंतस्त्वचा (तिच्या खालचा थर) एकमेकींना जोडून वाढवली होती. खालच्या, उंदराच्या पेशींकडून ‘इथे काहीतरी उगव’ एवढा संकेत वर गेला. कोंबडीच्या पेशींना तो कळलाही. पण त्यांनी केस काढला नाही, पिसाचा अंकुर काढायला घेतला, आणि तो अर्ध्यातच थांबला. हे शिकवताना ‘संदेश’ शब्द वापरला, तर कोंबडीच्या पेशींनी निरोप चुकीचा ऐकला असं मुलांना वाटेल. त्यांनी तो आपल्या परीने बरोबरच वाचला होता.

केसाचं मूळ घडण्याचा क्रम थोडक्यात असा. ‘विंट’ गटातल्या प्रथिनांमुळे बाह्यत्वचेत जागोजागी जाडसर ठिपके उमटतात. त्यांच्या आसपास ‘बीएमपी’ प्रथिनांसारखे रोधक, म्हणजे वाढ अडवणारे, संकेत असतात, म्हणून केस एकमेकांना चिकटून न उगवता अंतर राखून उगवतात. ठिपक्याखाली अंतस्त्वचेच्या पेशी गोळा होतात, मग दोन्ही थरांची देवाणघेवाण सुरू होऊन अंकुर खाली उतरतो. माणसाच्या गर्भात नवव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास भुवया, वरचा ओठ आणि हनुवटी इथे याची सुरुवात होते. जन्मानंतर सहसा नवी केशपुटकं तयार होत नाहीत.

या देवाणघेवाणीतला ‘एक्टोडिस्प्लासिन’ नावाच्या प्रथिनाचा संकेत बिघडला, तर केस विरळ येतात, दात मोजकेच येतात आणि घामाच्या ग्रंथीही पुरेशा होत नाहीत. सिंधमधल्या अशा एका कुटुंबाची नोंद डार्विनने केली होती. त्यातल्या पुरुषांना उन्हाळ्याचा फार त्रास व्हायचा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा अंगाला घाम न येणाऱ्या मुलाचं काय होत असेल, हे विदर्भातल्या विद्यार्थ्यांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. हे उदाहरण टिपणात जरूर घ्या.

आता दुसरा प्रश्न. ‘रोमछिद्र’ नको, ते फक्त वरचं तोंड झालं. ‘केशकूप’ कानाला गोड आहे, सर्वसामान्य लेखात चालेल. पण कूप म्हटलं की खणलेला खड्डा डोळ्यांसमोर येतो, आणि इथे कोणी खणत नाही, त्वचेचाच थर आत वाढत जातो. ‘पुट’मध्ये दुमड आहे, पानांच्या द्रोणासारखी, म्हणून ‘केशपुटक’. मुलांना तो जड वाटला तर ‘केसतोड’ची आठवण करून द्या. तो ठणकणारा फोड याच पुटकाच्या संसर्गाने होतो, आणि तो शब्द घराघरांत माहीत आहे.

टिपणात वाक्य असं लिहिता येईल: ‘बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा यांच्यातल्या पेशी-संकेतांमुळे केशपुटक घडतं.’ जिथे क्रिया सांगायची असेल तिथे ‘संकेतन’ वापरा.