दीड एकर भात आणि थोडी वरकस: यातून हवामान बदलावर काही फरक पडतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की सस्टेनेबल शेती, जंगल वाचवणं वगैरे जे सगळे बोलतात त्यानं हवामान बदलावर खरंच काही फरक पडतो का, आणि आजोबांची माणगावकडे दीड एकर भाताची खाचरं आणि वर थोडी वरकस, म्हणजे डोंगरउताराची जमीन आहे, तुम्ही ठाण्यात राहता, तर त्या जमिनीचं काय करावं. मी कर्जत तालुक्यात भातच करतो. म्हणून उसाचं कापसाचं सांगत नाही, भात आणि त्याच्या वरचा डोंगर एवढंच सांगतो.

फरक पडतो. आणि तुमच्यासारखी जमीन असेल, खाली खाचर वर वरकस, तिथे तर जास्तच, कारण आपल्या कोकणात शेती आणि जंगल ही वेगवेगळी नाहीतच. खाली भात कसा लावतो त्यावर वरचं झाड टिकणार की नाही ते ठरतं. बहुतेक लेखांमध्ये शेतीचं एका बाजूला आणि जंगलाचं दुसऱ्या बाजूला लिहिलेलं असतं, ते मला पटत नाही, म्हणून जरा लांबण लावतोय.

आधी खाचर. पाणी भरून ठेवलेल्या चिखलात हवा शिरत नाही. तिथे जे जिवाणू वाढतात ते कुजणाऱ्या काडीकचऱ्यातून मिथेन तयार करतात, आणि भाताच्या ताटात आतून पोकळ्या असल्यामुळे तो गॅस स्ट्रॉमधून यावा तसा मुळांकडून सरळ वर हवेत येतो. जगात माणसाच्या उद्योगांमुळे जेवढा मिथेन सुटतो त्यातला साधारण 8 ते 10 टक्के भातशेतीतून येतो. 20 वर्षांचा हिशोब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 80 पट तापवतो, पण हवेत टिकतो जेमतेम 12 वर्षं. म्हणजे आज कमी केला तर त्याचा गुण आपल्याच हयातीत येतो, ही मला यातली सगळ्यात आशेची गोष्ट वाटते. शेतकऱ्याला आरोपी करायचं म्हणून हे सांगत नाहीये, पाणी तुंबवतात ते तण दबावं म्हणून, त्याला कारण आहे.

दुसरं म्हणजे चिखलणी. पॉवर टिलर घालून माती पार लोणी करायची, म्हणजे पाणी खाली झिरपत नाही आणि रोप पटकन लावता येतं. पण तीच माती पावसाळा संपला की दगडासारखी होते, भेगा पडतात, मागाहून वाल किंवा हरभरा टाकला तर मूळ खाली जात नाही. शिवाय दर वर्षी उलथापालथ केली की मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यामुळांतला कार्बन, हवा लागून उडून जातो. मातीत वातावरणापेक्षा जास्त कार्बन साठलेला आहे हे लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण आहे.

यावर आमच्याच तालुक्यात, नेरळला, सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी जी पद्धत बसवली ती म्हणजे एसआरटी, सगुणा भात तंत्र. पहिल्या वर्षी एकदाच नांगरून कायमचे गादीवाफे, म्हणजे उंच उचललेले वाफे करायचे, मध्ये पाणी निघायला सऱ्या. त्यावर लोखंडी फॉर्मा दाबायचा, 25 सेंटिमीटरवर भोकं पडतात, प्रत्येक भोकात चार-पाच दाणे आणि थोडं खत टाकून झाकायचं. झालं. रोपवाटिका नाही, चिखलणी नाही, कमरेतून वाकून लावणी नाही. भात कापताना मुळं तशीच जमिनीत ठेवायची, पुढच्या पिकाला परत नांगर लावायचा नाही, त्याच वाफ्यावर वाल, चवळी, मूग, आणि पावसाळा आला की परत भात.

ही मुळं ठेवण्याची गोष्ट कागदावर साधी वाटते. पण तुम्ही कधी अशा जुन्या वाफ्याचं ढेकूळ फावड्यानं कापून बघा. गेल्या वर्षीचं भाताचं बूड कुजून काळं पडलेलं असतं, त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ नळ्या राहिलेल्या असतात, त्यातून नवीन भाताची पांढरी मुळं खाली उतरलेली दिसतात, आणि कडेला गांडुळांच्या विष्ठेच्या गोळ्या. शेजारच्या चिखलणीच्या खाचरातलं ढेकूळ कापलं तर ते आतून सपाट, निळसर राखाडी, आणि त्याला वास येतो. दोन्हीत फक्त एक बांध मध्ये आहे, पाऊस तोच, बी तेच. हे मी येणाऱ्या प्रत्येकाला हातात घेऊन दाखवतो कारण ते बघितल्यावर वेगळं पटवावं लागत नाही.

आता अडचण. अडचण तणाची आहे आणि ती लपवून उपयोग नाही. पाणी तुंबवलं नाही की तण येणारच. या पद्धतीत तणनाशक वापरतात, पेरणीनंतर एक आणि कापणीनंतर बुडखे मारायला ग्लायफोसेट. यावरून सेंद्रियवाले आणि एसआरटीवाले यांच्यात जोरात वाद चालतो. केंद्र सरकारने 2022 साली ग्लायफोसेटची फवारणी फक्त परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच करावी असं बंधन घातलं. माझं मत विचाराल तर चिखलणी सोडणं ही मोठी गोष्ट आहे, आणि तणनाशक कमी कमी करत नेणं हे त्यानंतरचं काम आहे. ब्रश कटरने बुडखे खालून मारून घ्यायचे, वाफा कधी उघडा ठेवायचा नाही, तणावर फूल यायच्या आत कापून तिथेच आच्छादन करायचं, असं केलं की जोर हळूहळू उतरतो. मजूर लागतो, हे खरंय, पण लावणीचा मजूर वाचलेला असतो त्यातून तो भागतो.

काही जण म्हणतील की गादीवाफे कशाला, पाणी सोडायचं, आटू द्यायचं, परत सोडायचं, असं केलं तरी मिथेन कमी होतो. बरोबर आहे, आलटून पालटून भिजवण्याची ही पद्धत चांगली आहे. भोकाचा पाईप जमिनीत गाडून पाण्याची पातळी 15 सेंटिमीटर खाली गेली की परत पाणी द्यायचं, असं केलं तर पाणी वाचतं आणि मिथेन 30 ते 50 टक्क्यांपर्यंत कमी होतो. पण जिथे पाणी तुमच्या हातात आहे तिथेच, म्हणजे भंडारा-गोंदियाकडे तलावाखालचा भात किंवा आपल्याकडचा कालव्यावरचा उन्हाळी भात. जुलैच्या पावसात माणगावला खाचर आटवून दाखवा म्हटलं तर कोण दाखवणार? म्हणून आपल्याकडे मूळ पाण्याच्या वर राहील असा वाफाच करावा लागतो. आणि ओलं-सुकं होणाऱ्या जमिनीत युरिया फेकू नका, त्यातून नायट्रस ऑक्साइड सुटतो, तो तर कार्बन डायऑक्साइडच्या 270 पट. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत युरिया-डीएपी खताची ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या जुडग्यांच्या, मधोमध मातीत खोचतात, ती सवय फार चांगली आहे. त्याच चारसूत्रीत गिरीपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला आणि भाताचा पेंढा परत शेतात घालायला सांगितलंय. एसआरटी नाही जमली तरी एवढं कुणालाही जमेल.

आता डोंगराकडे येतो, कारण माझ्या मते खरी मेख इथे आहे. लावणीचा भात करायचा म्हणजे रोप पाहिजे, आणि रोप पाहिजे म्हणजे राब भाजायचा. तुम्ही लहानपणी सुट्टीत गावी आला असाल तर उन्हाळ्यात खाचराच्या कोपऱ्यात धुमसणारे काळे चौकोन बघितले असतील. खाली शेण, त्यावर झाडाच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर पातेरा म्हणजे वाळका पाला, आणि गवत, वरून मातीचा थर, मग वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचा म्हणजे सावकाश भाजतो. तणाचं बी मरतं, राखेचं खत मिळतं, रोप जोमदार येतं. पूर्वजांनी बसवलेली पद्धत आहे आणि त्यांच्या काळात झाडं भरपूर, माणसं कमी, तेव्हा ती चालून गेली. पण त्या फांद्या येतात कुठून? ऐन, किंजळ, आसाणा जे हाताला लागेल त्याच्या. आमच्याकडे ऐनाची अशी झाडं आहेत की दर वर्षी फांद्या छाटून छाटून नुसता खांब उभा राहिलाय, शेंड्यावर चार पानं. त्याला ना फूल ना बी. खाली पातेरा पण झाडून नेलेला, मग पहिल्या पावसात तिथली माती सरळ ओढ्यात. आणि हे सगळं डोक्यावरून वाहून आणतात बायका, ऐन एप्रिल-मेच्या उन्हात.

रोपवाटिकाच नको म्हटलं की राब नको, राब नको की फांदी तोडायची गरज उरत नाही. म्हणून मी म्हटलं की भाताची पद्धत बदलली की झाड वाचतं. लावणीच करायची असेल तर गादीवाफ्यावर चांगलं कुजलेलं खत घालून रोप करा, तेही येतं, राबाशिवाय भात होत नाही हे खरं नाही.

तुमच्या वरकसचं काय करायचं तर पहिली काही वर्षं काहीही लावू नका. खरंच सांगतो. जमिनीत जुनी बुंधं जिवंत असतात, वणवा आणि कुऱ्हाड थांबली की त्यांनाच फुटवे येतात आणि ते फुटवे नर्सरीतून आणलेल्या कुठल्याही रोपापेक्षा लवकर वाढतात कारण मूळ आधीच खोल गेलेलं आहे. वणवा हा मात्र रोखावाच लागतो. जाळलं की गवत चांगलं येतं असं अजून लोक मानतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणीतरी काडी टाकतंच. त्यामुळे दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की हद्दीला दोन-तीन मीटर रुंद पट्टा साफ करून जाळरेषा काढून घ्या, शेजाऱ्यांना सोबत घेऊन, एकट्याची जाळरेषा पुरत नाही. लाकूडवाला ठेकेदार फोन करेल, उभी झाडं घेतो, रोख देतो म्हणेल. कोकणात खाजगी जंगल असंच दर काही वर्षांनी सपाट होत आलंय, घरचे शहरात, जमीन बघायला कोणी नाही, आणि पैसे फार थोडे मिळतात. त्याला नाही म्हणणं ही तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, दीड एकर भातापेक्षाही मोठी.

आणि कातळसडा, म्हणजे उघड्या खडकाचं पठार असेल तर त्यावर खड्डे पाडून झाडं लावायला जाऊ नका. तिथलं गवत, पावसाळ्यातली बारीक फुलं, डबकी हीच तिथली परिसंस्था आहे, उजाड आहे असं समजून लोक तिथे जेसीबी घालतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

जमीन गावकीची असेल तर एकट्यानं होत नाही. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते. तिथे ग्रामसभा निर्णय घेते. हिवरे बाजारात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावानेच पाळली. आमच्याकडे गावकीची देवराई आहे, तिथली वाळकी काडीसुद्धा कोणी आणत नाही, आणि उन्हाळ्यात गावात पाणी टिकणारा झरा तिच्याच खाली आहे.

कार्बन क्रेडिटचं विचारलं नाहीये तुम्ही, पण लवकरच कोणीतरी विचारायला येईल म्हणून सांगतो. कार्बन क्रेडिट म्हणजे प्रदूषण कमी केल्याचं विकता येणारं प्रमाणपत्र, आणि त्यासाठी भाताचा मिथेन कमी केला तर पैसे देतो म्हणणाऱ्या कंपन्या फिरतायत. कल्पना वाईट नाही, पण 2024 मध्ये असे क्रेडिट नोंदवणाऱ्या व्हेरा या संस्थेनेच चीनमधले भाताचे 37 प्रकल्प रद्द केले, म्हणजे मोजमापात किती घोळ होऊ शकतो बघा. करार किती वर्षांचा आहे, मध्येच सोडता येतो का, पैसे कधी, हे मराठीत लिहून मागा आणि ते मिळाल्याशिवाय सही करू नका. हे पैसे धरून शेतीचं गणित मांडू नका, लावणी आणि चिखलणीचा खर्च वाचतो तेवढ्यावर गणित बसतंय का ते आधी बघा.

सुरुवात करायची तर सगळी दीड एकर एकदम घालू नका. जे खाचर उंचावर आहे, जिथलं पाणी आपोआप निघतं, तिथले दहा-पंधरा गुंठे घ्या, ओढ्याकाठचं सखल खाचर अजिबात नको, तिथे वाफे पाण्याखाली जातात. जमीन कोण कसतंय ते लिहिलं नाही तुम्ही. कसणारा कोणी असेल तर पहिल्या वर्षाचा तणाचा खर्च तुम्ही द्या, जोखीम त्याच्यावर टाकू नका, आणि एप्रिलच्या आत त्याला घेऊन एखाद्या एसआरटीवाल्याच्या शेतावर जाऊन या. माझ्याकडे आलात तरी चालेल, फॉर्मा पण नेऊ शकता, पेरणी झाली की परत आणून द्या.