डिक्शनरी रात्रभर उघडी, धडा मात्र तिथेच

पावसाबरोबर अकरावीचे वर्ग सुरू झाले की महिन्याभरात माझ्याकडे एक ठरलेली तक्रार येते. "मुलगी अभ्यास करते, पण डोक्यात काही शिरत नाही. सायन्स झेपत नसेल तर आर्ट्सला घालू का?" गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, पेडण्याकडचे पालक यात जास्त. त्यांची मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकतात आणि पाचवीपासून बहुतेक हायस्कुलांत सगळं इंग्रजीतून सुरू होतं. दहावीपर्यंत नोट्स पाठ करून निभावतं. अकरावीची पुस्तकं हातात आली की पाठांतराचा दम संपतो.

अशीच एक मुलगी. ओळख पटेल असे तपशील गाळते. आई म्हणाली, "टीचर, रात्री उशिरापर्यंत बसते. डिक्शनरी खाली ठेवत नाही." मुलगी मान खाली घालून बसलेली. तिला मी नंतर एकटीलाच बोलावलं, केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन ये म्हटलं. आईबापांसमोर मुलं पुस्तक उघडायला लाजतात.

पानावर छापील मजकुरापेक्षा पेन्सिलीचं मराठी जास्त होतं. एके ठिकाणी 'द रिअ‍ॅक्शन यील्ड्स वॉटर' अशा अर्थाचं वाक्य होतं आणि 'यील्ड्स'च्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'शरण जाते'. म्हणजे रासायनिक अभिक्रिया पाण्याला शरण गेली! आम्ही दोघी हसलो. अर्थ खोटा नव्हता, डिक्शनरीत तोही आहे. पण त्याच नोंदीत 'उत्पन्न करणे, देणे' हेही होतं, आणि तिथवर ती पोचलीच नव्हती. पहिला अर्थ उचलायचा, वर लिहायचा, पुढचा शब्द. एका पानाला अर्धी रात्र, आणि शेवटी पूर्ण वाक्य सांग म्हटलं तर सांगता येत नाही.

मला जास्त रस होता तो तिने न शोधलेल्या शब्दांत. न्यूटनचा पहिला नियम तिला इंग्रजीत घडाघडा पाठ होता. "मराठीत सांग." ती म्हणाली, "बाहेरून बल लावलं तर वस्तू आहे तशीच राहते." नेमकं उलटं! वाक्यात 'अनलेस' आहे, आणि तो शब्द तिने कधी पाहिलाच नव्हता, कारण तो सोपा वाटतो. 'व्हेअरअ‍ॅज', 'देअरफोर', 'प्रोव्हायडेड दॅट' यांचंही तेच. मुलं जाडजूड शब्दांच्या मागे लागतात आणि वाक्य ज्यांच्यावर उभं असतं त्या बारक्या शब्दांवरून उडी मारतात. विषयाचे शब्द, म्हणजे 'व्हॅलन्सी' किंवा 'मोल', यांच्यासाठी तर डिक्शनरी लागतच नाही. त्यांची व्याख्या त्याच धड्यात असते, मागच्या सूचीत पान क्रमांक मिळतो. डिक्शनरीतली दोन शब्दांची व्याख्या तिथे उलट घोटाळा करते.

तिच्याबरोबर ठरलं ते असं. आधी परिच्छेद सबंध वाचायचा, अडलेल्या शब्दाखाली रेघ ओढायची, थांबायचं नाही. मग ज्याच्यावाचून वाक्य उभं राहत नाही, किंवा जो पुन्हापुन्हा येतो, तेवढाच शोधायचा. शोधण्याआधी आपला अंदाज बाजूला लिहायचा. आणि शब्द सापडला की सगळे अर्थ खालपर्यंत वाचून, वाक्यात कोणता बसतो ते पाहून, तिथलं उदाहरणाचं वाक्य वाचायचं. 'गिव्हज ऑफ हीट' अडलं तर 'गिव्ह' आणि 'ऑफ' वेगवेगळे शोधून काही मिळत नाही. असे जोडशब्द बहुतेक डिक्शनऱ्यांत 'गिव्ह'च्या नोंदीच्या शेवटी दिलेले असतात. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. शाळेत डिक्शनरी आणा म्हणतात, उघडायची कशी ते शिकवायचं राहून जातं.

इंग्रजी-मराठी डिक्शनरी टाकून दे, असं मी सांगत नाही. सांगणारे पुष्कळ आहेत, मला ते पटत नाही. मराठीतून अर्थ चटकन लागतो, तो लागू द्यावा. पण लिहायची वेळ आली की शिकणाऱ्यांसाठी केलेली इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी हवी. हॉर्नबी नावाच्या शिक्षकाने जपानमध्ये इंग्रजी शिकवताना अशी एक घडवली, ती ऑक्सफर्डने 1948 मध्ये काढली. 1978 ची लाँगमनची तर जवळपास 2000 सोप्या शब्दांतच सगळे अर्थ सांगते. शब्द मोजता येतो की नाही हेही त्यांत कळतं. 'इन्फर्मेशन'ला 'एस' लावायचा नाही, ते मराठी अर्थावरून कसं कळणार?

वर्गात तिने 'डिटरमाइन' म्हटलं आणि मुलं हसली, ते तिला अजून टोचत होतं. मी तिला उच्चार दाखवला: 'टर'च्या आधी उभी बारीक रेघ, म्हणजे जोर तिथे, आणि शेवट 'मिन'. ऑनलाइन डिक्शनरीत स्पीकरच्या चिन्हावर बोट ठेवलं की ऐकूही येतं. ती घरी एकटीच म्हणत बसली म्हणे. आईला वाटलं मंत्रच म्हणतेय.

"मराठीतून आलो म्हणून मागे" हे तिच्या मनात घट्ट बसलं होतं. ते समजावून जात नाही. फादर स्टीफन्सची गोष्ट सांगितली: इंग्लंडचा माणूस, 1579 मध्ये गोव्यात आला, आपली भाषा शिकला आणि मराठीत क्रिस्तपुराण रचलं, 1616 मध्ये ते छापून निघालं. तिने विचारलं, "त्यांच्याकडे डिक्शनरी होती का?" ते मला माहीत नाही, पण कोकणीचं व्याकरण त्यांनी स्वतः लिहिलं, ते 1640 मध्ये गोव्यातच, रायतूरला छापलं गेलं. म्हणजे त्यांचीही रात्र अशीच जात असणार, असं ती म्हणाली.

आर्ट्सला घालायचा विषय मागे पडला. पहिल्या टर्मला फिजिक्समध्ये ती कशीबशी सुटली, केमिस्ट्री बरी गेली. पानावरची पेन्सिल कमी झाली, आणि जी उरली ती बहुतेक अंदाजांची.

आई मात्र पुढचा प्रश्न घेऊन आली: धाकटा आता पाचवीत, त्याला कुठली डिक्शनरी आणू? जाड नको, म्हटलं. चित्रांची किंवा साधी इंग्रजी-मराठी पुरे. पानाच्या वरचे दोन शब्द पाहून शब्द कुठे असेल ते शोधायला शिकवा, आणि 'वेंट' हवा असेल तर 'गो'कडे जायचं असतं ते. त्याने आधी आपण होऊन अर्थ सांगावा, मग पान उघडावं. आई म्हणाली, तिलाच इंग्रजी येत नाही. मग तर उत्तमच. त्याने शोधायचं, तुम्ही मराठी अर्थ वाक्यात बसतो का ते विचारायचं.